मोरोबादादांच्या वाड्यातली शाळा आणि आजचे पालक

जानेवारी १८८० मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत, मोरोबादादांच्या वाड्यात, एक खासगी इंग्रजी शाळा उघडली. तिला स्वतःची इमारत नव्हती. पाठीशी सरकार नव्हतं. मागचा निकाल दाखवावा, तर मागचं वर्षच नव्हतं. चालवणारे होते सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, वय २९. बाळ गंगाधर टिळक, वय २३. आणि महादेव बल्लाळ नामजोशी. त्याच वर्षी संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे येऊन मिळाले आणि पुढे एम. ए. झाल्यावर गोपाळ गणेश आगरकर. शाळेचं नाव न्यू इंग्लिश स्कूल.

आज ही नावं वाचली की त्या शाळेत मुलगा घालणं हा सोपा निर्णय वाटतो. १८८० च्या पालकाला तो सोपा नव्हता. सरकारी हायस्कूल गावात होतंच. तिथे शिकून मॅट्रिक झालं की नोकरीची वाट मोकळी. अशा वेळी पंचविशीतल्या दोन-चार तरुणांच्या भरवशावर मुलाची चार-पाच वर्षं सोपवायची, हा धोकाच होता. तरीही मुलं आली. पहिल्याच वर्षी पट काही शेकड्यांवर गेला आणि पाच वर्षांत हजाराच्या घरात पोहोचला.

छोट्या खासगी हायस्कूलचा विचार करणाऱ्या आजच्या आईवडिलांसमोर तोच पेच आहे. पेठांमधून, सिंहगड रस्त्यापासून वाघोलीपर्यंतच्या उपनगरांतून अशी हायस्कूल दिसतात. आठवी ते दहावी, एकेक तुकडी, वर्गात वीस-पंचवीस मुलं. मोठ्या शाळेच्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हरवलेल्या मुलाला इथे नावानं ओळखतात, ही गोष्ट लहान नाही. पण छोटी शाळा ही मोजक्या माणसांवर उभी असते, आणि त्यातलं एक माणूस हललं की सगळी शाळा हलते. म्हणून तिला विचारायचे प्रश्न मोठ्या शाळेपेक्षा वेगळे असतात आणि ते अधिक नेटानं विचारावे लागतात.

पहिला प्रश्न कागदाचा आहे. तो रुक्ष वाटतो म्हणून बरेच पालक तो टाळतात, आणि सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १८ व्या कलमानुसार मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे दररोज दहा हजार रुपये. मात्र हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचे वर्ग लावायला त्या वर्गांची स्वतंत्र परवानगी लागते. विनाअनुदानित नव्या शाळा २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली येतात. म्हणजे एखाद्या संस्थेला आठवीपर्यंतची मान्यता खरोखर असते, पाटी मात्र ‘हायस्कूल’ अशी असते आणि नववीचे प्रवेश ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ या वाक्यावर दिले जातात.

प्रक्रियेत असलेली मान्यता म्हणजे मान्यता नव्हे. दहावीची वेळ आली की अशा शाळेपुढे दोनच वाटा उरतात. एक, मुलांची नावं दुसऱ्या मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर चढवायची. मूल शिकलं इथे, दाखल्यावर शाळा भलतीच. दुसरी, सतरा नंबरचा फॉर्म भरून मुलाला बाहेरून परीक्षेला बसवायचं. सतरा नंबरचा फॉर्म ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांच्यासाठी आहे आणि त्यांना तो मोठा आधार आहे. पण रोज गणवेश घालून, पूर्ण फी भरून शाळेत जाणाऱ्या मुलावर ती वेळ यावी, ही त्याची फसवणूक आहे.

म्हणून विचारायचं ते असं: शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक काय? त्यात सर्वांत वरचा वर्ग कोणता नोंदलेला आहे? राज्य मंडळाचा सांकेतांक शाळेला स्वतःचा आहे का, आणि गेल्या वर्षीची दहावीची मुलं त्याच सांकेतांकावर बसली का? दहावीच्या कोणत्याही जुन्या गुणपत्रिकेवर हे कळतं. ‘सीबीएसई पॅटर्न’ असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबावं. सीबीएसईचं संलग्नीकरण असतं किंवा नसतं. असलं तर त्याला क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतो. ‘पॅटर्न’ हा शब्द बहुधा क्रमांक नसल्याचं सांगत असतो. एवढं करूनही शंका राहिली, तर पुणे जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. तिथे एक अर्ज देऊन विचारण्यात संकोच कसला?

आता माणसांकडे येऊ. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे.

न्यू इंग्लिश स्कूलच्या पहिल्या पंधरा वर्षांकडे पालकाच्या नजरेनं पाहावं. मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्री वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली. १८९२ मध्ये आपटे गेले, १८९५ मध्ये आगरकर. कुठल्याही छोट्या शाळेचा कारभार यातल्या एकाच घटनेनं बंद पडला असता. ही शाळा चालू राहिली, आजही आहे. याचं मोठं श्रेय २४ ऑक्टोबर १८८४ ला स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला जातं. चालकांनी शाळा स्वतःच्या नावावर न ठेवता नोंदलेल्या संस्थेच्या हाती दिली. आजीव सदस्य ठरले. ठरावीक पगारावर वीस वर्षं सेवा करण्याची त्यांची बांधिलकी ठरली. गोपाळ कृष्ण गोखले या पद्धतीत विशीत आले, अंकगणित शिकवलं, त्याचं पुस्तक लिहिलं आणि १९०२ पर्यंत संस्थेत राहिले. पहिली पिढी संपण्याआधी दुसरी पिढी वर्गावर उभी होती.

तेव्हा छोट्या शाळेच्या मुख्याध्यापिका कितीही तळमळीच्या असोत, त्यांना नम्रपणे विचारावं: बाई, तुम्ही उद्या नसाल तर शाळा कोण चालवेल? संस्था नोंदणीकृत आहे का, विश्वस्त मंडळावर कोण आहे, की सगळे एकाच घरातले आहेत? एकाच घरातले असणं गुन्हा नाही. पण घरात वाद झाला तर शाळेचं काय, हे त्यांनी ठरवलेलं असायला हवं. जागा स्वतःची आहे की भाड्याची, आणि भाडेकरार किती वर्षांचा? मूल आठवीत येणार असेल तर करार त्याच्या दहावीपलीकडे जायला हवा. तळमळीच्या माणसाला हे प्रश्न टोचत नाहीत, कारण त्यानं स्वतः रात्री जागून हाच विचार केलेला असतो.

शिक्षकांबद्दल ‘सर्व शिक्षक अनुभवी व प्रशिक्षित’ हे वाक्य माहितीपत्रकात असतंच. त्यानं काही कळत नाही. थोडं गणित मांडू. आठवी, नववी, दहावी आणि प्रत्येकी एकच तुकडी असेल, तर गणिताच्या तासिका तिन्ही वर्गांच्या मिळून एका शिक्षकाचा आठवडा बहुतेक भरतात. त्याला पूर्णवेळ नेमता येतं. भूगोल, संस्कृत, चित्रकला यांच्या तासिका मिळून पूर्ण नोकरी होत नाही. मग शाळा दोनपैकी एक करते. इतिहासाच्या बाईंकडे भूगोलही देते, किंवा कोणाला तरी घड्याळी तासिकेवर बोलावते. तो माणूस दुसऱ्या शाळेत किंवा क्लासमध्येही शिकवत असतो. तिथून चांगलं बोलावणं आलं की ऑक्टोबरमध्ये निघून जातो. यात कोणाची लबाडी नाही, लहान पटाचा तो स्वाभाविक परिणाम आहे. पण वर्गात वीसच मुलं म्हणून जे ‘वैयक्तिक लक्ष’ सांगितलं जातं, ते कोणत्या विषयात खरं आणि कोणत्या विषयात नाही, हे यातून कळतं.

म्हणून नावांची यादी मागण्यापेक्षा दहावीचं वेळापत्रक मागावं. विज्ञान कोण शिकवतं, त्यांची पदवी कशाची, त्या किती वर्षं इथे आहेत, पूर्णवेळ की तासिकेवर? गेल्या तीन वर्षांत विज्ञानाचे किती शिक्षक बदलले? माध्यमिक वर्गाच्या शिक्षकाकडे विषयाची पदवी आणि बी. एड. असणं अपेक्षित असतं. मी स्वतः बाकी साऱ्यापेक्षा शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला जास्त वजन देईन. चार वर्षं टिकलेला साधा शिक्षक आणि दरवर्षी बदलणारे हुशार शिक्षक यांत दहावीच्या मुलाला पहिला हवा असतो.

पर्यायी विषयांचंही असंच. पुण्यात संस्कृतची हौस मोठी. शंभर गुणांचं संपूर्ण संस्कृत, किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त, किंवा संपूर्ण हिंदी असे पर्याय मंडळानं ठेवले आहेत. एक तुकडीची शाळा बहुधा यातला एकच देऊ शकते. तो कोणता, हे प्रवेशाआधी कळलं पाहिजे. विज्ञानाच्या शंभरांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, म्हणून प्रयोगशाळा बघायला मागावी आणि कपाटातल्या बाटल्यांपेक्षा मुलांच्या प्रयोगवह्या पाहाव्यात. वह्या एकसारख्या, एकाच फळ्यावरून उतरवलेल्या दिसल्या, तर प्रयोग मुलांनी केलेले नाहीत. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना शाळा मुलं बसवते का, खेळाडूंचे सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव मंडळाकडे वेळेवर पाठवते का, हेही विचारावं. ते गुण मूल कमावतं, पण प्रस्ताव शाळेकडूनच जातो.

एक गोष्ट फारच थोड्या पालकांना ठाऊक असते. आठवीतल्या मुलांसाठीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतलं मूल कितीही हुशार आणि घर कितीही गरजू असलं तरी तिला पात्र ठरत नाही. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबानं सातवीनंतर शाळा बदलण्यापूर्वी हा हिशेब करावा.

हिशेबावरून पैशांचा विषय. न्यू इंग्लिश स्कूलच्या चालकांचा उद्देशच शिक्षण सुलभ आणि स्वस्त करण्याचा होता. सुरुवातीला टिळकांनी काही काळ विनावेतन शिकवलं. आणि तरीही पुढे त्या संस्थेत सर्वांत कडवा वाद पैशांवरूनच झाला: आजीव सदस्यानं बाहेर कमावलेलं संस्थेला द्यायचं की स्वतः ठेवायचं, आणि आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यायचा की नाही. टिळकांच्या राजीनाम्यामागे हे मोठं कारण होतं. निःस्वार्थी माणसांच्या शाळेतही पैशाचे नियम आधी ठरवावे लागतात, हे यातून दिसतं.

आजच्या पालकाच्या हातात २०११ चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन कायदा आहे, आणि तो खासगी विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा. त्याची कार्यकारी समिती हवी. तिच्यावरचे पालक प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, मुख्याध्यापकांच्या मर्जीनं नव्हे. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव शाळेनं सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलत नाही. छोट्या शाळेत ‘आमचं सगळं घरच्यासारखं आहे, समिती कशाला’ असं ऐकायला मिळतं. घरच्यासारखं असेल तर समितीची यादी सूचनाफलकावर लावणं अवघड नसावं. समितीच्या गेल्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला मागा. त्यात फीचा विषय कसा चर्चिला गेला ते दिसेल. प्रवेशासाठी देणगी मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, मग पावतीवर ‘विकासनिधी’ लिहिलेलं असो की ‘ऐच्छिक’.

इमारतीबद्दल पेठेत जास्तच काळजी घ्यावी. मे १८७९ मध्ये, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल उघडण्याच्या आठ महिने आधी, बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला. विश्रामबागवाड्यालाही त्याच वेळी आग लागली. लाकडी खांब-तुळया, एकाला एक लागून भिंती, अरुंद बोळ. दीडशे वर्षांत वाडे पडून इमारती झाल्या, बोळ तेवढेच राहिले. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला एका खासगी शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली. वरच्या मजल्यावरचं छप्पर गवताचं आणि जिना अरुंद होता. ९४ मुलं गेली. त्यानंतर शाळांच्या अग्निसुरक्षेचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये न्यायालयानं सुरक्षित शाळा हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. शाळेला ताजं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचना तपासणीचा अहवालही मागा. मग स्वतः सर्वांत वरच्या वर्गापासून रस्त्यापर्यंत चालत या. दुसरा जिना आहे का? असेल तर त्याच्या दाराला कुलूप आहे का, त्यात मोडकी बाकं रचली आहेत का? आणि बाहेर पडल्यावर अग्निशामक दलाचा बंब त्या गल्लीत शिरेल का? फरासखाना चौकीपासून मंडईपर्यंतच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रश्न पटवून द्यावा लागत नाही. मैदान नसणं मी समजू शकतो, पेठेत ते कोणाकडे आहे? मुलं आठवड्यातून दोनदा कुठे खेळायला जातात, एवढं नेमकं उत्तर मिळालं तरी पुरे. दुसऱ्या जिन्याच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती बंधनकारक केली आहे. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर तिची आठवण सगळ्यांना झाली. छोट्या शाळेत ती विशेष गरजेची आहे. मोठ्या शाळेत एका शिक्षकाबद्दल तक्रार करायला दुसरा शिक्षक, समुपदेशक, पर्यवेक्षक असतात. छोट्या शाळेत ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच संस्थाचालकाचा भाऊ असू शकतो. समितीत शाळेबाहेरचं कोण आहे, हे विचारा. मुलांमधल्या भांडणाचंही तसंच आहे. पंचवीस जणांच्या एकुलत्या तुकडीत एखाद्याला वाळीत टाकलं, तर तुकडी बदलण्याची सोय नाही. असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत, हे वर्गशिक्षिकेला विचारावं. ‘आमच्याकडे असं होत नाही’ हे उत्तर मला सर्वांत कमी विश्वासाचं वाटतं.

आणखी एक प्रश्न महाराष्ट्रातच एवढा महत्त्वाचा आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि तिच्यावरून निघणारा शाळा सोडल्याचा दाखला पुढे पन्नास वर्षं लागतो: जन्मतारखेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी, जात पडताळणीसाठी, अगदी पुढच्या पिढीच्या पडताळणीसाठीसुद्धा. आजोबांच्या प्राथमिक शाळेतली एक ओळ शोधत लोक गावोगाव फिरतात. शाळा बंद पडली तर हे दप्तर कोणाकडे जाणार? चालकांनी याचा विचार केलेला असेल तर ते शिक्षणाधिकारी कार्यालयाचं नाव घेतील आणि रजिस्टर कपाट उघडून दाखवतील. प्रवेशाच्या वेळी आपल्या मुलाची नोंद, नावाची अक्षरं आणि जन्मस्थळासकट, स्वतः वाचून घ्यावी.

याच बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असतं की त्यांनी आपल्या शाळांतल्या मुलींची परीक्षा जाहीरपणे घेतली. फेब्रुवारी १८५३ मध्ये पुण्यात अशी परीक्षा झाली तेव्हा पाहायला मोठा जमाव लोटला होता. ज्या शाळेवर गावाचा विश्वास नव्हता, तिनं आपली मुलं गावासमोर उभी केली. आजच्या छोट्या शाळेकडेही हे मागता येतं. एक पूर्ण दिवस वर्गात मागे बसू द्या, नाहीतर निदान आपल्या मुलाला एक दिवस त्या वर्गात बसू द्या. मधल्या सुट्टीत नववीच्या मुलामुलींशी बोलू द्या. त्यांना ‘शाळा कशी आहे’ असं विचारू नये, त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. काल विज्ञानाच्या तासाला काय झालं, ते विचारावं.

शेवटी, शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या पालकांना गाठावं. शिकत असलेल्या मुलांचे पालक सांभाळून बोलतात, आणि ते समजण्यासारखं आहे. गेलेले मोकळेपणानं बोलतात. चौकशी जानेवारीत सुरू करावी, कारण पुढच्या वर्षाची फी तोवर समितीपुढे आलेली असते आणि शिक्षकांना बोलायला सवड असते. दहावीत शाळा बदलणं फार अवघड असतं आणि नववीत उशिरा बदलली तर मुलाचा अभ्यास विस्कटतो. त्यामुळे बदल करायचाच असेल तर तो आठवीच्या सुरुवातीला केलेला बरा. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी गर्दी होते तेव्हा बहुतेक घरांत पहिला हप्ता भरून झालेला असतो, आणि त्यानंतर विचारलेल्या प्रश्नांना शाळा सवडीनं उत्तरं देते.